बाग सर्वांची, पण तिथवर जायची वाट?

आपल्या या मालिकेत बहुतेक वेळा सीमा, नकाशे आणि लढाया यांवर बोलणं होतं. आजचा विषय बागेचा आहे, पण तोही शेवटी सीमेचाच निघतो. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या सार्वजनिक बागा आणि चौपाट्या कुणाच्या वाट्याला येतात आणि कुणाच्या येत नाहीत, हे आज पाहू. उदाहरण म्हणून एकच शहर धरतो, शिकागो. एक शहर नीट कळलं की बाकीची समजायला सोपी जातात.

शिकागो म्हटलं की आपल्या मनात १८९३ आणि स्वामी विवेकानंद येतात. त्या वर्षीचं जागतिक प्रदर्शन शहराच्या दक्षिणेला जॅक्सन पार्कमध्ये भरलं होतं. सर्वधर्म परिषद मात्र शहराच्या मध्यभागी झाली, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. त्या प्रदर्शनाबद्दल आपल्याकडे एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना त्यात जवळजवळ स्थानच नव्हतं. त्याचा जाब विचारणारी एक पुस्तिका आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी काढली आणि प्रदर्शनातच वाटली. फ्रेडरिक डग्लस हे त्यांचे सर्वांत मोठे नेते, पण ते तिथे होते हैती या देशाचे प्रतिनिधी म्हणून. स्वतःच्या देशाच्या जत्रेत उभं राहायला त्यांना दुसऱ्या देशाचा मंडप लागला.

आता २७ जुलै १९१९ या तारखेला येऊ. रविवार होता आणि उकाडा प्रचंड होता. शिकागो मिशिगन सरोवराच्या काठावर वसलं आहे. नावाला सरोवर, पण पलीकडचा किनारा दिसत नाही. काठावर २५ व्या रस्त्याजवळची जागा कृष्णवर्णीयांची आणि २९ व्या रस्त्याजवळची गोऱ्यांची, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. कायद्यात असं काही लिहिलेलं नव्हतं आणि पाटीही नव्हती. पण वाळूत जी रेघ होती ती लोकांच्या मनात सरळ पाण्यातही पुढे गेली होती. आम्हा फौजी लोकांना या प्रकारची रेघ चांगली कळते. जमिनीवर चुन्याची फक्की नसते, कुंपण नसतं, पण दोन्ही बाजूंच्या माणसांना ती अचूक कुठून जाते हे माहीत असतं. ओलांडली की गोळी येते.

त्या दिवशी काही कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष २९ व्या रस्त्याच्या काठावर आले आणि तिथे दोन्ही बाजूंनी दगडफेक झाली. त्याच वेळी पाच मुलं स्वतः बांधलेल्या लाकडी तराफ्यावर पाण्यात खेळत होती. काठावर काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. तराफा वाहत त्या न दिसणाऱ्या रेघेच्या पलीकडे गेला. एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली. युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा बुडून मेला.

इथे दोन हकिकती आहेत. त्याच्याबरोबर असलेल्या एका मित्राने पुढे अनेक वर्षांनी एका इतिहासकाराला सांगितलं की दगड युजीनच्या कपाळावर बसला. त्या वेळच्या चौकशीत मात्र अंगावर जखम आढळली नाही. दगडांच्या भीतीने तो काठाकडे येऊ शकला नाही आणि दमून बुडाला, असा निष्कर्ष निघाला. मला विचाराल तर दोन्हींत फार फरक नाही. काठ समोर दिसत होता आणि त्याला तिथे यायची सोय नव्हती.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. लोकांनी दगड मारणारा माणूस दाखवून दिला, पण तिथल्या गोऱ्या पोलिसाने त्याला अटक करायला नकार दिला. थोड्या वेळाने त्याच पोलिसाने एका कृष्णवर्णीयाला मात्र पकडलं, आणि तिथून दंगल पेटली. आठवडाभर चालली. ३८ माणसं मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. ५३७ जखमी झाले. सुमारे हजार कुटुंबं बेघर झाली.

सैनिक म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली अशी की राज्याची फौज सोमवारपासून शहरात तयार बसली होती, पण महापौर आणि गव्हर्नर यांच्यात कुणी कुणाला विनंती करायची यावर दिवस गेले. फौज रस्त्यावर आली ती बुधवारी, ३० जुलैच्या रात्री. नागरी प्रशासनाच्या मदतीला जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. पहिले सहा तास हातचे गेले की पुढे सहा दिवस लागतात. दुसरी गोष्ट ३७० व्या इन्फन्ट्री रेजिमेंटची. ही शिकागोच्या कृष्णवर्णीयांची पलटण. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने तिला फ्रेंच सैन्याच्या हाताखाली लढायला दिलं, फ्रेंचांनी तिच्या जवानांना शौर्यपदकं दिली. फेब्रुवारी १९१९ मध्ये हे लोक घरी परतले, शहरात त्यांची मिरवणूक निघाली. पाच महिन्यांनी त्यांतल्याच काही जणांना स्वतःच्या मोहल्ल्याच्या रक्षणासाठी पुन्हा हत्यार घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागलं. फ्रान्समध्ये खंदक राखलेल्या माणसाला स्वतःच्या गावात पोहायची जागा नव्हती.

हे पाणी आणि ही बाग इतकी कळीची का झाली? आकडे पाहा. १९१० साली शिकागोत ४४ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय होते, १९२० मध्ये १ लाख ९ हजार झाले. दक्षिणेच्या राज्यांतली गुलामीची सावली सोडून ते कारखान्यांत कामाला आले होते. पण राहायला त्यांना दक्षिण भागातली एक अरुंद पट्टी होती, तिला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणत. माणसं अडीचपट झाली आणि पट्टी जवळपास तेवढीच राहिली. अशा वस्तीत बाग ही चैन राहत नाही. घरात हवा नाही, अंगण नाही, म्हणून माणूस बाहेर पडतो. आणि बाहेर जी मोकळी जागा आहे तिच्या कडेवर दुसऱ्याची वस्ती आहे. पट्टीच्या कडेलाच वॉशिंग्टन पार्क होतं, भलं मोठं. त्याच्या आसपासच्या घरांच्या खरेदीखतांत अट असायची की हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही. ही अट मोडणाऱ्या हॅन्सबेरी कुटुंबाचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या घरातली मुलगी लोरेन पुढे मोठी नाटककार झाली. तेव्हा बागेत जायला मनाई नाही, पण बागेशेजारी राहायला मनाई आहे. परिणाम तोच.

दंगलीनंतर गव्हर्नरने सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय सदस्यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल १९२२ मध्ये आला, जाडजूड आहे, आणि सरकारी अहवालांच्या मानाने फारच प्रामाणिक आहे. त्यात बागा, मैदानं आणि चौपाट्यांवरही सविस्तर लिहिलं आहे. घर, नोकरी आणि शाळा यांच्या बरोबरीने बाग धरली, ही त्या लोकांची समज.

शिकागो उत्तरेत येतं, तिथे भेदभावाचा कायदा नव्हता. दक्षिणेत तो होता, आणि तो मोडायची वेळ आली तेव्हा काय झालं त्याचा एकच नमुना देतो. माँटगोमेरी म्हणजे रोझा पार्क्स यांच्या बस बहिष्काराचं गाव. बागा सर्वांना खुल्या करण्यासाठी तिथे खटला उभा राहिला. न्यायालय भेदभाव चालू देणार नाही असं दिसू लागल्यावर नगरपालिकेने १९५९ च्या सुरुवातीला सगळ्याच बागा बंद करून टाकल्या. प्राणिसंग्रहालयही बंद केलं, प्राणी विकून टाकले. गोऱ्यांच्या मुलांनाही बाग नाही, पण तुमच्याबरोबर वाटून घेणार नाही! १९६५ मध्ये बागा उघडल्या. पोहण्याचा तलाव मात्र मातीने भरून टाकला होता.

परत शिकागोत येऊ. १९६० च्या उन्हाळ्यात रेनबो बीच या दक्षिणेकडच्या चौपाटीवरून एका कृष्णवर्णीय पोलिसाला त्याच्या बायकामुलांसकट हुसकावून लावलं. कायदा राखणारा माणूसच तो, पण गणवेश उतरवला की संरक्षण संपलं. त्यानंतर २८ ऑगस्टला सुमारे तीस तरुण-तरुणी, त्यांत गोरेही होते, त्या चौपाटीवर जाऊन शांतपणे बसले. निघताना त्यांच्यावर दगड पडले आणि त्यांचं नेतृत्व करणाऱ्या वेल्मा मर्फी या तरुणीच्या डोक्याला मोठी इजा झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच लोक गेले, या वेळी पोलिसांना उभं राहावं लागलं.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर तळं खुलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कळलं की कागद आणि काठ यांत किती अंतर आहे. लोकांना मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. वर्ण आणि जात एकच आहेत असं मी म्हणत नाही, त्यांचे इतिहास वेगळे आहेत. पण सार्वजनिक पाण्याच्या काठावर जाऊन बसणं हा त्या पाण्यावरचा हक्क सिद्ध करायचा मार्ग आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या अनुभवातून सुचलं.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत होते. मोर्चा होता घरांसाठी आणि गोऱ्यांच्या वस्तीतल्या मार्केट पार्कजवळ ५ ऑगस्टला किंग यांच्या डोक्यात दगड बसला. मिसिसिपी-अलाबामातही इतका द्वेष पाहिला नव्हता, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. घराचा प्रश्न आणि बागेचा प्रश्न एकाच ठिकाणी कसे येऊन भिडतात ते पाहा.

दगड थांबल्यावर मग पैशाचा भाग येतो. शिकागोच्या बागांचा कारभार १९३४ पासून एकाच संस्थेकडे आहे. त्याआधी २२ वेगवेगळी मंडळं होती. एकच संस्था, एकच कर, म्हणजे वाटणीही सारखी व्हायला हवी. १९८२ मध्ये केंद्र सरकारच्या न्याय विभागाने या संस्थेवर खटला भरला. आरोप असा की गोऱ्यांच्या वस्तीतल्या बागांना सोयी आणि पैसा जास्त जातो, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांना कमी. १९८३ मध्ये तडजोड झाली आणि दुर्लक्षित बागांवर खर्च करायचं संस्थेने मान्य केलं. फौजेत आम्ही म्हणतो, कुठली चौकी महत्त्वाची आहे हे आदेशात पाहू नका, रसद कुठे जाते ते पाहा. बागेतला दिवा लागतो का, शौचालयाला कुलूप आहे का, झोपाळ्याची साखळी तुटून किती महिने झाले, यावरून ती वस्ती कुणाची हे सांगता येतं.

आज देशभराचं चित्र काय? ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही बागांसाठीच काम करणारी संस्था आहे. तिच्या २०२० च्या अहवालानुसार प्रामुख्याने गौरेतर वस्त्यांतल्या बागा गोऱ्या वस्त्यांतल्या बागांच्या सरासरी निम्म्या आकाराच्या आहेत आणि त्यांच्यावर माणसांचा भार जवळजवळ पाचपट आहे. कोविडचं वर्ष होतं, घराबाहेर मोकळा श्वास घ्यायला तीच एक जागा उरली होती, तेव्हाचा हा हिशेब.

आणि हा केवळ फिरायला जाण्याचा प्रश्न नाही. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे धोका, म्हणून लाल रंग. तिथे कर्ज मिळणं मुश्किल. २०२० मध्ये संशोधकांनी १०८ शहरांत हे जुने नकाशे आजच्या तापमानाशी ताडून पाहिले. लाल भाग इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापतात. झाडं कमी, डांबर जास्त. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि एका आठवड्यात ७०० हून अधिक जादा मृत्यू झाले. एकटी राहणारी, वयस्क, गरीब माणसं, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी यावर पुस्तक लिहिलं आहे. पूर्वीच्या उन्हाळ्यांत लोक उशा-चादरी घेऊन बागेत आणि सरोवराकाठी झोपायला जात असत. १९९५ मध्ये त्यांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, कारण बाहेरची भीती उकाड्यापेक्षा मोठी होती.

भीतीचा उलटा पुरावाही शिकागोतच आहे. आयडा बी. वेल्स यांच्याच नावाच्या सरकारी वसाहतीतल्या ९८ इमारतींचा अभ्यास झाला, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं सारखी, गरिबी सारखी, फरक फक्त आसपासच्या झाडांचा. जिथे हिरवळ भरपूर होती तिथे गुन्हे उजाड इमारतींच्या तुलनेत ५२ टक्के कमी नोंदले गेले. झाडामुळे चोर सुधारत नाही हो! सावली असली की माणसं खाली येऊन बसतात, पोरं खेळतात, डोळे जागे राहतात.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. आपले तिकडचे शिकलेले नातेवाईकही घेतात. ‘आता कुणी अडवत नाही. त्यांना बागेची आवडच नाही.’ याचंही उत्तर शिकागोच्या लिंकन पार्कमधल्या पाहणीत आहे. पॉल गॉब्स्टर यांनी गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई अशा सुमारे ९०० लोकांना विचारलं. आवड सगळ्यांना होती. झाडं, पाणी, स्वच्छता हवी हेही सगळे सारखंच म्हणाले. फरक असा की गोरा माणूस जवळून येतो, एकटा किंवा दुकटा, धावायला किंवा सायकल चालवायला. बाकीचे लांबून, बहुतेक गाडीने, आणि कुटुंबकबिल्यासह, डबे घेऊन. आपण नाही का सतरंजी, पुरी-भाजी आणि आत्याबाईंसकट जात? मग ज्या बागेत धावपट्टी उत्तम आहे पण वीस माणसांना बसायला सावलीतलं टेबल नाही, ती कुणासाठी आखली आहे हे कळतंच.

आणि ‘कुणी अडवत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. २०१८ मध्ये ओकलंडच्या लेक मेरिट बागेत कोळशाची शेगडी पेटवली म्हणून एका गोऱ्या बाईने कृष्णवर्णीय माणसांवर पोलीस बोलावले. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या पक्षिनिरीक्षकाने एका बाईला कुत्र्याला साखळी लावायला सांगितलं, तिथला नियमच तो आहे, तर तिने ‘एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय’ असा पोलिसांना फोन केला. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. त्या फोनचा शेवट कशात होऊ शकला असता, हे सांगायची गरज नाही.

मग नवीन बागा बांधल्या की झालं? तेही तितकं सरळ नाही. शिकागोत २०१५ मध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर ‘द ६०६’ नावाची ४.३ किलोमीटरची हिरवी पायवाट झाली, फार सुंदर. तिच्या पश्चिम टोकाला लॅटिनो कामगारांची वस्ती होती. काम सुरू झाल्यापासून काही वर्षांतच तिथल्या घरांच्या किमती जवळजवळ निम्म्याने वाढल्या. ज्यांच्यासाठी बाग झाली त्यांना भाडं परवडेना. म्हणून जॅक्सन पार्कमध्ये, त्याच १८९३ च्या जागेवर, ओबामा यांचं केंद्र उभारायचं ठरल्यावर शेजारच्या वुडलॉनच्या लोकांनी आधी घरांचं बोला असा आग्रह धरला, आणि २०२० मध्ये शहराने तसा कायदा केला. अनुभवातून आलेलं शहाणपण आहे ते.

मी सॅपर, म्हणजे फौजेतला इंजिनिअर. आमचा जन्म पूल बांधण्यात गेला, त्यामुळे शिकागोत मुलाकडे असताना माझं लक्ष एका गोष्टीकडे आपोआप गेलं. उत्तर शिकागोत वस्ती आणि सरोवर यांच्यामध्ये फक्त किनाऱ्याचा हमरस्ता आहे, आणि त्याच्या खालून जायला ठिकठिकाणी बोगदे आहेत. दक्षिणेत हमरस्ता तर आहेच, शिवाय त्याला चिकटून रेल्वेचे रूळ आहेत, एकोणिसाव्या शतकापासूनचे. नकाशावर किनारा घरापासून दहा मिनिटांवर. प्रत्यक्षात पूल सापडेपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत राहायचं, हातात मूल, पाण्याची बाटली आणि चटई. आमच्या भाषेत याला अडथळा म्हणतात, आणि या अडथळ्याला पहारेकरीही लागत नाही. ३५ व्या रस्त्यावर जुन्या पादचारी पुलाच्या जागी २०१६ मध्ये नवा पूल झाला, ४१ व्या रस्त्यावर २०१८ मध्ये. दोन्ही रूळ आणि हमरस्ता एका दमात ओलांडतात, चढ सौम्य ठेवलाय, व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते.

तुमची मुलंबाळं त्या बाजूला असतील आणि जाणं झालं, तर ३५ व्या रस्त्याच्या पुलावरून उतरा आणि सरोवर उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत जा. १९१९ नंतर तिथे भराव टाकून बर्नहॅम पार्क केलंय, त्यामुळे तेव्हाचा काठ आता दिसत नाही. ३१ व्या रस्त्यावर चौपाटी लागते. रविवारी दुपारी तिथे शेगड्या पेटलेल्या असतात, मोठमोठी कुटुंबं बसलेली असतात. आणखी थोडं पुढे, २९ व्या रस्त्याच्या सुमारास, पायवाटेच्या कडेला एका दगडावर युजीन विल्यम्सच्या स्मरणाचा छोटा फलक आहे. तो २००९ मध्ये बसवला. सायकलवाले वेगात असतात, तेवढं सांभाळा.